गरोदरपणात वाढलेली साखर बाळंतपणानंतर खरोखरच निघून जाते का?

अनेरकाठ

सर्वांना नमस्कार. आम्ही चोपडा तालुक्यातले. माझ्या भावजयीला सहावा महिना सरत आला आहे. तपासणीच्या दिवशी तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला दिले, दोन तासांनी रक्त घेतले आणि साखर १५८ निघाली. परिचारिकेने कार्डावर गरोदरपणातील मधुमेह अशी नोंद केली आणि दोन आठवडे आहार सांभाळून पुन्हा यायला सांगितले. ती अंगाने अगदी बारीक आहे, वय चोवीस आहे आणि तिच्या माहेरी कोणाला साखर असल्याचे ऐकिवात नाही, त्यामुळे घरात कोणाचाच या अहवालावर विश्वास बसत नाही. आईचे म्हणणे असे की, "तू दोन जीवनी शे, पोटभर खाय," आणि ही साखर बाळंतपण झाले की आपोआप जाते. मोठ्या काकांनी मात्र भात, केळी, गूळ आणि दूधसुद्धा बंद करायला सांगितले आहे. ती बिचारी ताटावर बसली की आधी सगळ्यांच्या तोंडाकडे बघते.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. १५८ हा आकडा खरोखर काळजीचा आहे का? बारीक मुलीला हा त्रास कसा होतो? आणि याचा परिणाम फक्त बाळंतपणापुरता असतो, की आई आणि मूल या दोघांच्याही पुढच्या आयुष्यावर होतो?

केळीबाग

आमच्या घरात जेवणानंतर मोजली तर निम्म्या माणसांची साखर १५८ निघेल. एवढ्यावरून पोरीला आजारी ठरवू नये असे मला वाटते.

पांझरा

मी धुळ्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. केळीबाग यांनी लिहिलेला समज फार पसरलेला आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. गरोदर नसलेल्या माणसाला हेच ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर १४० ते १९९ च्या दरम्यान निघाली, तर तिला मधुमेहाची पूर्वावस्था म्हणतात. गरोदर स्त्रीला मात्र १४० किंवा त्याहून अधिक साखर निघाली की उपचार सुरू करायचे, असे केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. या सूचना २०१४ साली आल्या आणि २०१८ साली त्यांत सुधारणा झाली. ही चाचणी उपाशीपोटीच करावी लागत नाही. जेवून आलेल्या बाईचीही करता येते, आणि लांबच्या पाड्यावरून किंवा वस्तीवरून येणाऱ्या स्त्रीसाठी ही फार मोठी सोय आहे. पहिल्याच भेटीत ती करायची आणि तेव्हा साखर ठीक असली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करायची.

गरोदरपणात सीमा एवढी खाली का आणली, याचे कारण वारेत, म्हणजे गर्भाशयातून बाळाला पोषण पुरवणाऱ्या अवयवात (प्लासेंटा) आहे. जसजसे महिने भरतात तसतशी वार अशी संप्रेरके (हार्मोन्स) जास्त प्रमाणात सोडते, जी आईच्या शरीरातील इन्सुलिनचे, म्हणजे रक्तातली साखर जिरवणाऱ्या संप्रेरकाचे काम अडवतात. बाळाला सतत साखर मिळत राहावी म्हणून निसर्गानेच केलेली ही व्यवस्था आहे, आणि बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून ती निभावते. ज्यांच्या स्वादुपिंडाला ते झेपत नाही, त्यांची साखर वाढते. आता मुख्य गोष्ट अशी की, आईची साखर वार ओलांडून बाळाकडे जाते, पण आईचे इन्सुलिन जात नाही. मग आलेली जादा साखर जिरवायला बाळाचे स्वतःचे स्वादुपिंड पोटातच जास्त इन्सुलिन तयार करू लागते. त्या इन्सुलिनने बाळाच्या अंगावर चरबी चढते, खांदे रुंद होतात, प्रसूती अडते, शस्त्रक्रियेची शक्यता वाढते आणि जन्मल्यावर बाळाला धाप लागण्याचा धोकाही वाढतो. आईच्या बाजूने पाहिले तर रक्तदाब वाढणे आणि त्यातून झटक्यांपर्यंत जाणारा आजार होणे, हा धोका अशा स्त्रियांमध्ये अधिक असतो.

नऊ देशांतील सुमारे २५,००० गरोदर स्त्रियांचा 'हापो' नावाचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. आईची साखर जसजशी वाढते तसतसे बाळाचे वजन आणि बाळाने स्वतः किती इन्सुलिन तयार केले याची नाळेच्या रक्तात सापडणारी खूण पायरीपायरीने वाढत जाते, असे त्यात दिसले; अमुक आकड्याच्या आत पूर्ण निर्धास्त राहावे अशी स्पष्ट रेषा सापडली नाही. त्यामुळे १५८ हा आकडा घाबरून जाण्याचा नाही, पण तो दुर्लक्ष करण्याचाही नाही. ऑस्ट्रेलियातील २००५ सालच्या एका अभ्यासात उपचार घेतलेल्या गटात बाळांमधील गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण १ टक्का होते, तर नेहमीचीच देखभाल मिळालेल्या गटात ते ४ टक्के होते. उपचाराने फरक पडतो, एवढे त्यातून पुरेसे स्पष्ट होते.

मावशी_भुसावळ

डॉक्टरांनी जे लिहिले ते मी माझ्या मुलीच्या बाळंतपणात डोळ्यांनी पाहिले. बाळ चार किलोच्या पुढचे, गुबगुबीत, सगळे कौतुक करत होते. तासाभरातच त्याचे हात थरथरू लागले आणि ते छातीला नीट लागेना. एका तरुण परिचारिकेच्या लक्षात आले. तिने टाचेला सुई टोचून थेंबभर रक्त पट्टीवर घेतले आणि साखर तिशीच्या घरात निघाली. आधी आईचे दूध वाटीत काढून चमच्याने पाजले, आणि तेवढ्याने भागेना तेव्हा सलाइनमधून साखर दिली. आज तो मुलगा शाळेत जातो. पण गरोदरपणात जिथे नाव नोंदवले होते तिथे शेवटपर्यंत कोणी साखरेची चाचणी सुचवली नव्हती, याचे मला आजही वाईट वाटते.

पांझरा

मावशी, तुमच्या नातवाला झाले त्याचे कारण वरच्याच साखळीत आहे. नाळ कापली की आईकडून येणारी साखर क्षणात थांबते, पण बाळाच्या अंगातले वाढलेले इन्सुलिन काही तास तसेच राहते, म्हणून त्याची साखर एकदम घसरते. यासाठीच अशा बाळाला पहिल्या तासाच्या आत छातीला लावायचे आणि जन्मानंतर एका तासाने व पुढे ठरावीक अंतराने टाचेतून साखर तपासायची, असे सांगितलेले आहे. ४५ पेक्षा कमी साखर निघाली तर लगेच उपाय करतात. अनेरकाठताई, प्रसूती जिथे होणार आहे तिथे ही सोय आहे का, हे आत्ताच विचारून ठेवा.

गिरणाकाठ

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. बारीक माणसाला मधुमेह होत नाही, हा समज आपल्या देशात तरी टिकत नाही, आणि त्याचे एक मोठे उत्तर महाराष्ट्रातूनच आलेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. वजन एवढे कमी असूनही आपल्या बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती; कमी होते ते स्नायू. म्हणजे वजनकाट्यावर बारीक आणि आतून चरबीदार अशी ही शरीराची घडण जन्मापासूनच दिसते. तीच मुलगी मोठी होते, तिच्या अंगावर साखर जिरवणारे स्नायू कमी असतात, आणि गरोदरपणात वारेची संप्रेरके वाढली की तिचे स्वादुपिंड मागे पडते. त्या गावांतील मुलांचा पाठपुरावा पुढे वर्षानुवर्षे चालू राहिला, आणि अठराव्या वर्षी त्यांपैकी बरीच मुले बारीक असूनही अनेकांच्या साखरेत बिघाड आढळला.

म्हणून मला वाटते की, तुमची भावजय बारीक असूनही तिची साखर वाढली यात आश्चर्य काहीच नाही. तिच्या आईने तिच्या वेळच्या गरोदरपणात काय खाल्ले, किती कष्ट केले, तिथपर्यंत या गोष्टीचे मूळ जाऊ शकते.

सातपुडा

मी धडगाव भागात अंगणवाड्यांच्या कामाशी जोडलेली आहे. या चर्चेत एक गोष्ट मला खटकते. आपण साखर वाढण्याबद्दल बोलतो आहोत, पण आमच्या पाड्यांवर गरोदर बाईचे हिमोग्लोबिन सात-आठ असते, ती नवव्या महिन्यापर्यंत डोक्यावर पाणी आणि सरपण वाहते आणि बाळ दोन किलोचे होते. तिला कमी खा असा चुकीचा निरोप कोणी पोहोचवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून एक वेळचे गरम चौरस जेवण मिळते, तेसुद्धा "साखर वाढेल" म्हणून कोणी नाकारू लागले तर फार नुकसान होईल.

गिरणाकाठ

सातपुडाताई, तुमचे म्हणणे मी पूर्ण मान्य करतो, आणि ते या विषयाच्या बाहेरचेही नाही. पोटात उपासमार झालेले बाळ मोठेपणी मधुमेह आणि हृदयविकाराकडे अधिक झुकते, हे ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड बार्कर यांनी मांडले. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात पडलेल्या दुष्काळात ज्या स्त्रिया गरोदर होत्या, त्यांच्या मुलांमध्येही पन्नाशीच्या सुमारास साखरेचा बिघाड जास्त आढळला. आईच्या रक्तात साखर जास्त असली तरी मुलाला धोका आणि आईला अन्न कमी पडले तरी मुलाला धोका, अशी दोन्ही टोके आहेत. शहाद्याच्या बागायती घरातली सून आणि धडगावच्या पाड्यावरची बाई यांना सल्ला वेगळा द्यावा लागेल, पण तपासणी दोघींचीही व्हायला हवी.

पांझरा

सातपुडाताईंच्या भागासाठी एक महत्त्वाची सूचना. नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण बरेच आहे. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ही चाचणी प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवू शकते. लोहाच्या कमतरतेतही तिचा आकडा फसवा असतो. तिथे ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीवरच भरवसा ठेवावा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची जी तपासणी असते, तिथे ही चाचणी मागून घ्यावी. ग्लुकोज प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर चाचणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते, हेही बाईला आधी सांगून ठेवावे.

दादर_भाकर

मी जळगावात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. अनेरकाठताई, काकांनी सांगितलेली बंदी मला मान्य नाही आणि आईंचे दोघांचे जेवणही मान्य नाही. गरोदर बाईला उपाशी ठेवले तर शरीर चरबी जाळू लागते आणि ते बाळासाठी चांगले नसते. तिचे रोजचे जेवण तीन वेळा आणि मधले खाणे दोन-तीन वेळा असे वाटून द्या, म्हणजे एका बैठकीत फार पीठ पोटात जाणार नाही.

आपल्या खानदेशी स्वयंपाकात तिच्यासाठी पुष्कळ काही आहे. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, नुसत्या गव्हाच्या पोळीपेक्षा तिला सोसेल, कारण त्यात डाळीची प्रथिने आणि साल दोन्ही येतात. दादर ज्वारीची भाकरी, मेथीची किंवा पोकळ्याची भाजी, वांग्याचे भरीत, मठाची (मटकीची) उसळ, वाटीभर दही, शेंगदाण्याची चटणी हे सगळे चालेल, मात्र भाकरी दोनच्या वर जाऊ देऊ नका आणि भरितावर तेलाची धार धरू नका. शेवभाजी आणि बट्टी या दोन पदार्थांवर सध्या हात आखडता घ्यावा; बट्टी पोटात गेली की किती कणीक खाल्ली हे लक्षातच येत नाही. उपवासाच्या दिवशीचा साबुदाणा तर निव्वळ पिष्ट आहे, आणि गरोदरपणात उपवास करूच नये असे मी प्रत्येकीला सांगते. फळ जेवणाला लागून न देता मधल्या वेळेत द्यावे. जेवण झाले की वीस मिनिटे सावकाश चालावे. आपल्याकडे वैशाखात दुपारी बाहेर पाऊल टाकता येत नाही, म्हणून दुपारच्या जेवणानंतर घरातल्या घरात ओसरीत फेऱ्या माराव्यात.

केळीबाग

डॉक्टरांनी समजावून सांगितल्यावर माझा आक्षेप मी मागे घेतो. पण यावल-रावेरकडच्या घरात केळी पूर्ण बंद ठेवणे म्हणजे कठीण काम आहे. दारात घड लटकलेला असतो. एखादे केळ चालणार नाही का?

दादर_भाकर

दादा, अर्धे केळ मधल्या वेळेत, सोबत मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, असे द्या आणि त्यानंतरची साखर मोजून पाहा. पूर्ण पिकून काळे ठिपके पडलेल्या केळ्याऐवजी जरा कमी पिकलेले घ्या. केळ्याचे शिकरण मात्र नको, कारण त्यात वरून साखरही पडते.

शिरपूरकर_गुरुजी

आहाराने साखर उतरली नाही तर पुढे काय, याबद्दल घरात फार भीती असते, म्हणून लिहितो. माझ्या पत्नीला दोन आठवड्यांच्या पथ्यानंतरही जेवणानंतरची साखर १२० च्या खाली आली नाही, तेव्हा इन्सुलिन सुरू झाले. नातेवाईक म्हणाले की, बाळालाही सुईची सवय लागेल. तसे काही होत नाही. इन्सुलिन वार ओलांडत नाही, हे पांझरा यांनी वर लिहिलेच आहे. आमची खरी अडचण होती ती मे महिन्याच्या उन्हाची, कारण वीज तासन्तास जायची आणि फ्रिज गरम व्हायचा. आमच्या डॉक्टरांनी सुचवल्याप्रमाणे आम्ही मोठ्या मडक्यात ओली वाळू भरली, त्यात लहान मडके बसवले आणि घट्ट झाकणाच्या डबीत घालून कुपी आत ठेवली. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडले की आतला गारवा टिकायचा. फ्रिज असेल तर तो चांगलाच, पण कुपी बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नका. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

वाघूर

पुण्याच्या अभ्यासात आईला फोलेट (फोलिक आम्लाच्या गोळीतून मिळणारे जीवनसत्त्व) जास्त आणि बी१२ जीवनसत्त्व कमी असेल तर मुलांमध्ये इन्सुलिनचे काम नीट होत नाही असे आढळले, हे मी वाचले आहे. मग सरकारी फोलिक आम्लाच्या गोळ्या घेणे थांबवावे का?

पांझरा

मुळीच थांबवू नये. फोलिक आम्लामुळे बाळाच्या मेंदूचे आणि मणक्याचे व्यंग टळते आणि त्याचे महत्त्व कमी झालेले नाही. तुम्ही म्हणता तो निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात सुमारे दोनतृतीयांश मातांना बी१२ कमी होते, असे दिसले. त्यातून घ्यायचा धडा बी१२ भरून काढण्याचा आहे. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते आणि भाजीपाल्यातून मिळत नाही, त्यामुळे पूर्ण शाकाहारी घरातल्या गरोदर मुलीचे दूध बंद करणे हे तर फारच चुकीचे ठरेल. काकांना हे अवश्य सांगा. कमतरता असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घ्यावी. आणखी एक फरक लक्षात ठेवावा: ज्या मुलीला लग्नाआधीपासून किंवा गरोदर राहण्याआधीपासून मधुमेह आहे, तिची साखर पहिल्या दोन महिन्यांत जास्त राहिली तर बाळाच्या हृदयात किंवा मणक्यात व्यंग राहू शकते. तिने दिवस राहण्याआधीच साखर आटोक्यात आणायला हवी.

अनेरकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दूध पुन्हा सुरू केले आहे आणि कळण्याची भाकरी आईनेच आनंदाने करायला घेतली. पण माझा तिसरा प्रश्न राहिला. बाळंतपणानंतर साखर जाते, असे आई म्हणते ते खरे आहे का?

पांझरा

अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्यामुळेच जास्त नुकसान होते. वार बाहेर पडली की तिची संप्रेरके थांबतात आणि बहुतेक स्त्रियांची साखर काही दिवसांतच नेहमीच्या पातळीवर येते. पण गरोदरपणात ज्यांची साखर वाढली होती, त्यांना पुढील आयुष्यात मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सात ते दहापट असतो. पुढच्या गरोदरपणात साखर पुन्हा वाढण्याची शक्यताही मोठी असते. मुलांच्या बाबतीत सांगायचे तर 'हापो' अभ्यासातील मुले १० ते १४ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली तेव्हा, ज्यांच्या आईची साखर जास्त होती त्यांच्यात चरबीचे आणि साखरेच्या बिघाडाचे प्रमाण अधिक दिसले. म्हणून बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईला पुन्हा ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करायला सांगतात, या वेळी उपाशीपोटी आणि दोन तासांनी अशी दोनदा. ती ठीक निघाली तरी वर्षातून एकदा तपासावी. अंगावर पाजल्याने आईचा पुढचा धोका कमी होतो, हेही तिला सांगा.

माझ्या अनुभवात या चाचणीला अगदी थोड्या जणी येतात. पहिले बाळंतपण माहेरी होते, कागद सासरी असतात, सव्वा महिना ती घराबाहेर पडत नाही, आणि घरच्यांचे लक्ष बाळाकडे लागलेले असते. त्यातच डिंकाचे लाडू, शिरा आणि तूप यांचा मारा सुरू होतो. दोष बाईचा नसतो. तिला परत बोलावणारे कोणी नसते.

सातपुडा

याला एक उपाय आम्ही करतो. बाळाची दीड महिन्याची लस आणि आईची ही चाचणी बरोबर एकाच वेळी येतात. लसीच्या दिवशी बाळाला आणावेच लागते. म्हणून माता व बाल संरक्षण कार्डावर, लसीच्या रकान्याशेजारीच, 'आईची साखर' असे पेनाने ठळक लिहून ठेवायचे आणि ते कार्ड मुलीबरोबर माहेरी पाठवायचे. माहेरच्या गावच्या आशाताईंना फोन करून सांगितले तर त्या आठवण ठेवतात.

मावशी_भुसावळ

अनेरकाठ बाई, त्या दिवशी भावजयीला रात्रीच्या जेवणानंतर काही न खाता सकाळी लवकर न्या. पहिले रक्त देऊन ग्लुकोज प्यायल्यावर तिला दोन तास तिथेच थांबावे लागेल. मध्ये बाळाला पाजायला काही हरकत नाही. बाळाला मांडीवर घ्यायला घरातले एक माणूस सोबत द्या, आणि चाचणी संपल्यावर खायला भाकरी-भाजीचा डबा विसरू नका.